पहारा की राखण? कॅनडातली हायस्कुलं आणि ‘सुरक्षित वाटतं का?’ हा प्रश्न

नोव्हेंबर २०१७ मध्ये टोरोंटो जिल्हा शाळा मंडळाने आपल्या हायस्कुलांमधले पोलीस कायमचे काढून घ्यायचा ठराव केला. दोनच महिन्यांनी, जानेवारी २०१८ मध्ये, शेजारच्या पील विभागातल्या हायस्कूल-पोलिसांवरचा एक मोठा अभ्यास प्रसिद्ध झाला. त्याचा निष्कर्ष बरोबर उलटा होता: कार्यक्रम उपयोगी आहे, खर्चाच्या कितीतरी पट परतावा देतो, चालू राहावा. पील म्हणजे मिसिसागा, ब्रॅम्प्टन आणि कॅलेडन. टोरोंटोची हद्द संपते तिथे मिसिसागा सुरू होतं. दोन्हीकडच्या वर्गांत स्थलांतरित घरांतली मुलं भरपूर, त्यात आपली मराठी मुलंही आली. दोन्हीकडे मुलांना साधारण एकच गोष्ट विचारली गेली: शाळेत पोलीस असल्याने सुरक्षित वाटतं का? आणि दोन्हीकडे ‘हो’ म्हणणाऱ्यांचं पारडं जड होतं.

मग एका ठिकाणी पोलीस गेले आणि दुसऱ्या ठिकाणी त्यांची पाठ थोपटली गेली, असं का झालं? याचं नेहमीचं उत्तर ‘राजकारण’ असं असतं. ते खोटं नाही, पण आळशी आहे. हे दोन दस्तऐवज शेजारी ठेवून वाचले की अडचण मुळात प्रश्नातच आहे असं दिसतं. ‘सुरक्षित वाटतं का?’ हा प्रश्न साधा, सरळ, लोकशाही वाटतो. पण त्यात दोन वेगळ्या भावना एकाच खोक्यात कोंबलेल्या आहेत, आणि नंतर त्या खोक्याचं सरासरी वजन काढलेलं आहे.

कार्यक्रम आला कुठून

२३ मे २००७ रोजी उत्तर टोरोंटोतल्या सी. डब्ल्यू. जेफ्रिज या हायस्कूलमध्ये १५ वर्षांच्या एका विद्यार्थ्याचा गोळी लागून मृत्यू झाला. शहर हादरलं. शाळा मंडळाने वकील ज्युलियन फाल्कनर यांच्या अध्यक्षतेखाली एक समिती नेमली. जानेवारी २००८ मध्ये आलेला त्यांचा अहवाल हजाराहून जास्त पानांचा होता आणि त्यात १२६ शिफारशी होत्या. आज हा अहवाल फारसं कुणी उघडत नाही. पण या विषयावर कॅनडात जे काही लिहिलं गेलंय, त्यात मला तो सगळ्यात प्रामाणिक वाटतो, कारण त्याने ‘बंदूक आत कशी आली?’ यापेक्षा अवघड प्रश्न विचारला: ‘ज्यांना माहीत होतं ते गप्प का राहिले?’

समितीला शाळेत सापडली ती गप्प राहण्याची संस्कृती. मुलं सांगत नव्हती, कारण चहाडखोर ठरण्याची भीती आणि सांगून काही होतं यावर विश्वास नाही. शिक्षक सांगत नव्हते, कारण शाळेचं नाव खराब झालं तर वरून आपल्यावरच शेकेल. त्याच शाळेत एका मुलीवर स्वच्छतागृहात झालेल्या लैंगिक अत्याचाराचं प्रकरणही समितीने पुढे आणलं. बाहेरच्या यंत्रणेपर्यंत लगेच जायला हवी होती अशी माहिती शाळेतच अडकून राहिली होती. अहवालाचा भर कशावर होता? सामाजिक कार्यकर्ते, समुपदेशक, मुलांशी बोलणारी माणसं, आणि गैरप्रकार उघड करणाऱ्या शिक्षकांना संरक्षण यांवर. शाळांच्या दारात धातुशोधक यंत्रं लावायचा मार्ग समितीने पत्करला नाही.

आणखी एक गोष्ट या अहवालाने ठसवली: आधीचा कडक उपाय अंगाशी आला होता. ओंटारिओने २००० मध्ये ‘सुरक्षित शाळा कायदा’ केला होता. ठरावीक गुन्ह्याला ठरावीक शिक्षा, म्हणजे सक्तीचं निलंबन किंवा हकालपट्टी. कागदावर सगळ्यांना सारखा. पण त्याचा फटका कृष्णवर्णीय मुलांना आणि अपंगत्व असलेल्या मुलांना प्रमाणाबाहेर बसतोय, अशा तक्रारी वाढत गेल्या. प्रांताच्या मानवाधिकार आयोगाने २००३ मध्ये त्यावर अहवाल काढला, आणि अखेर २००७ मध्ये कायदा बदलून शिक्षेआधी मुलाची परिस्थिती बघणं बंधनकारक झालं. म्हणजे ‘सुरक्षा’ या नावाखाली सर्वांना सारखा लावलेला नियम सर्वांवर सारखा पडत नाही, हा धडा टोरोंटो एकदा शिकून बसलं होतं.

आणि तरीही सप्टेंबर २००८ मध्ये शाळा उघडल्या तेव्हा हायस्कुलांच्या कॉरिडॉरमध्ये जो उपाय दिसला तो होता गणवेशातला, कमरेला पिस्तूल असलेला पोलीस. त्यातही एक तर्क आहे. १२६ शिफारशी दिसत नाहीत, पोलीस दिसतो. घाबरलेल्या पालकांना काहीतरी दिसायला हवं असतं. समुपदेशकाचं काम बंद दाराआड, तासन्‌तास चालतं. त्याचा फोटो निघत नाही.

टोरोंटोची बेरीज

नऊ वर्षांनी मंडळाने आढावा घेतला. पोलीस नेमलेल्या ४५ शाळांमधल्या सुमारे १५,५०० विद्यार्थ्यांनी प्रश्नावली भरली. ५७ टक्के मुलांनी सांगितलं की पोलिसामुळे जास्त सुरक्षित वाटतं. १,७१५ मुलांनी सांगितलं की पोलिसाच्या असण्याचं दडपण येतं. २,२०७ मुलांनी सांगितलं की आपल्यावर पाळत आहे, आपल्यालाच लक्ष्य केलं जातंय, असं वाटतं.

हे आकडे कसे वाचायचे? मतदान म्हणून वाचले तर पोलीस जिंकले. पण मंडळाच्या विश्वस्तांनी ते मतदान म्हणून वाचले नाहीत. १८ विरुद्ध ३ मतांनी त्यांनी कार्यक्रम बंद केला. त्यावर ‘बहुसंख्य मुलांचं ऐकलं नाही’ अशी टीका झाली, आणि ती वरवर रास्त वाटते. सोळा वर्षांची ५७ टक्के मुलं सांगतायत की आम्हाला बरं वाटतं, तर तुम्ही कोण मोठे?

मला मात्र विश्वस्तांचं वाचन जास्त बरोबर वाटतं. शाळेतला एखादा जिना बहुतेक मुलांना सोयीचा आहे आणि काही मुलांना तो चढताच येत नाही, तर आपण टक्केवारी काढून ‘जिना चांगला आहे’ म्हणत नाही. सुरक्षेचा उपाय ही एखादी आवडनिवड नाही, कँटीनमध्ये पिझ्झा हवा की समोसा असा. ज्या उपायाचं काम भीती कमी करणं आहे, तो हजार-दोन हजार मुलांच्या मनात नवी भीती तयार करत असेल, तर ती भीती उरलेल्यांच्या समाधानातून वजा करून टाकता येत नाही. ती वेगळ्या मुलांच्या पोटात असते.

शिवाय ती कुणाच्या पोटात होती, हे गूढ नव्हतं. सल्लामसलतीच्या सभांमधून प्रामुख्याने कृष्णवर्णीय मुलं आणि कागदपत्रं नसलेल्या घरांतली मुलं बोलत होती. दुसऱ्या गटाची भीती समजायला टोरोंटोची एक आठवण पुरते. २००६ मध्ये शहरातल्या एका हायस्कूलमधून दोन भावंडांना स्थलांतर खात्याच्या अधिकाऱ्यांनी ताब्यात घेतलं होतं. त्यानंतर २००७ मध्ये टोरोंटोच्या मंडळाने धोरण केलं की मुलाच्या कुटुंबाचा कायदेशीर दर्जा शाळा विचारणार नाही आणि सांगणारही नाही. पण ज्या शाळेने ‘आम्ही विचारणार नाही’ असं वचन दिलंय, तिच्याच दारात विचारण्याचा अधिकार असलेला माणूस उभा असेल, तर त्या घरातल्या आईने वचनावर विश्वास ठेवायचा की गणवेशावर?

पीलचा ताळेबंद

पीलचा अभ्यास कार्लटन विद्यापीठाच्या लिंडा डक्सबरी आणि क्रेग बेनेल यांचा. त्याला थिल्लर म्हणता येणार नाही. पाच हायस्कुलं, नववीच्या मुलांची वर्षाच्या सुरुवातीला आणि पाच महिन्यांनी पुन्हा पाहणी, मुलाखती, पोलिसांच्या दिनक्रमाचं निरीक्षण. त्यातून पोलिसांच्या कामाचं जे चित्र उभं राहतं ते वाचण्यासारखं आहे: हा माणूस दिवसभर बेड्या घालत फिरत नाही, बराच वेळ भांडणं सोडवतो, मुलांशी बोलतो, मुख्याध्यापकांना सल्ला देतो. छळाला कंटाळलेल्या काही मुलांना त्याचा खरोखर आधार वाटला. पोलीसविरोधी लिखाण या मुलांना बऱ्याचदा गाळून टाकतं, आणि ते चूक आहे.

पण अभ्यासाच्या बांधणीत एक मोठी भेग आहे. नववी हे ओंटारिओत हायस्कूलचं पहिलं वर्ष. सप्टेंबरमध्ये चौदा वर्षांचं मूल मोठ्या, अनोळखी इमारतीत शिरतं. पाच महिन्यांत त्याला मित्र मिळतात, कुठल्या जिन्याने जायचं नाही ते कळतं. पाच महिन्यांनी त्याला जास्त सुरक्षित वाटलं, तर त्यातलं किती पोलिसाचं आणि किती फेब्रुवारी उजाडल्याचं? हे वेगळं करायला पोलीस नसलेल्या शाळा शेजारी ठेवून बघाव्या लागतात. पीलमध्ये तशा शाळाच नव्हत्या. विभागातल्या हायस्कुलांना पोलीस नेमून दिलेलेच होते. संशोधकांचा नाइलाज मान्य. पण नाइलाजातून आलेल्या आकड्याला पुराव्याचं वजन देता येत नाही.

आणि तो आकडा जगप्रसिद्ध झाला: कार्यक्रमावर खर्च केलेल्या प्रत्येक डॉलरमागे समाजाला ११ डॉलर १३ सेंटचा परतावा. ही मोजणी ‘गुंतवणुकीवरचा सामाजिक परतावा’ नावाच्या पद्धतीने केलेली आहे. बाजारात ज्याला भाव नाही, म्हणजे निर्धास्त वाटणं, वेळ वाचणं, ताण कमी होणं, त्याला एक अंदाजी किंमत लावायची आणि बेरीज करायची. पद्धत बदनाम नाही, पण तिच्या दोन्ही बाजू भरायला लागतात. निर्धास्त झालेल्या मुलाच्या समाधानाला किंमत लावलीत, तर रोज दप्तर छातीशी धरून भिंतीकडेने चालणाऱ्या मुलाच्या दडपणाला किती डॉलर? सेंटपर्यंत नेमकं उत्तर दिलं की प्रश्न विचारणाऱ्याचा आवाज आपोआप खाली येतो. आपल्याकडे म्हणतात तसं, हिशोब चोख आणि घर गळतंय.

हे घर कुठे गळत होतं, तेही पीलमध्येच दिसलं होतं. सप्टेंबर २०१६ मध्ये मिसिसागातल्या एका प्राथमिक शाळेत सहा वर्षांच्या कृष्णवर्णीय मुलीला पोलिसांनी हातापायांना बेड्या घातल्या. वजन ४८ पौंड, वेळ २८ मिनिटं. ते पोलीस शाळेने बोलावलेले होते. हायस्कूलच्या कार्यक्रमातले नव्हते, आणि ही प्राथमिक शाळा होती, हे नोंदवायला हवं. पण ओंटारिओच्या मानवाधिकार लवादाने २०२० मध्ये निकाल दिला की या वागणुकीत वंश हा एक घटक होता. एखाद्या कृष्णवर्णीय घरात ही बातमी पोचल्यावर त्या घरातल्या हायस्कूलच्या पोराला ‘पण आमच्याकडचा पोलीस फार चांगला आहे, बास्केटबॉल खेळतो’ हे कसं ऐकू येईल? नोव्हेंबर २०२० मध्ये पील पोलिसांनी स्वतःच हा कार्यक्रम बंद केला. ११ डॉलर १३ सेंट जागेवरच राहिले.

धाक, आधार आणि मधले शिक्षक

मराठीत या भावनेचे तुकडे पाडायला चांगले शब्द आहेत, ते वापरू या. एक असतो धाक आणि एक असतो आधार. धाकामुळे मारामारी थांबते, हे खरंच आहे. आधारामुळे मूल बोलतं. दोन्हींमुळे ‘सुरक्षित वाटतं’ या रकान्यात खूण पडू शकते. पण धाकाला एक अट असते: तो दुसऱ्यावर हवा. पोलिसामुळे मला बरं वाटतं, म्हणजे बहुतेक वेळा, तो त्या ‘दुसऱ्या’ मुलांवर लक्ष ठेवून आहे म्हणून बरं वाटतं. आता वर्गातली काही मुलं कायम ‘ती दुसरी’ असतात. त्यांना हाच धाक समोरून दिसतो. तसंच पहारा आणि राखण. पहारेकऱ्याला शेत कुणाचं याच्याशी घेणं नसतं. राखण करणाऱ्याचं ते आपलं असतं. टोरोंटो आणि पीलच्या प्रश्नावल्यांनी पहारा किती आवडला ते मोजलं. शाळेला राखण आहे का, हे त्यातून कळलं नाही.

इथे शिक्षकांचा मुद्दा येतो, आणि तो नेहमी घाईत उरकला जातो. शिक्षकांना पोलीस हवेसे का वाटतात? त्यांना ‘कर्मठ’ किंवा ‘वंशवादी’ म्हणून मोकळं होणं सोपं आहे. पण शिक्षकाच्या जागी उभं राहून बघा. ओंटारिओच्या शाळांमध्ये वर्षातून किमान दोनदा ‘लॉकडाउन’चा सराव होतो. शिक्षकाने दार लावायचं, दिवे घालवायचे, मुलांना कोपऱ्यात बसवायचं, गप्प ठेवायचं. त्या दहा मिनिटांत शिकवणारा माणूस रखवालदार होतो. उद्या खरंच काही झालं तर दार लावलं की नाही, हे त्यालाच विचारलं जाणार. जबाबदारी त्याची, हातात साधन काहीच नाही. अशा माणसाला कॉरिडॉरमध्ये जबाबदारी वाटून घेणारं कुणी दिसलं तर त्याला हायसं वाटणारच. शिक्षकाची ही मागणी खरं तर मदतीची आहे. तिला पोलीस हे उत्तर मिळालं, कारण दुसरं उत्तर बजेटात नव्हतं.

आणि या मदतीची किंमत शिक्षकच चुकवतात. सर्वोच्च न्यायालयाने १९९८ मध्ये नोव्हा स्कोशियातल्या एका प्रकरणात ठरवलं की शाळेच्या अधिकाऱ्याला मुलाची झडती घ्यायला पोलिसाइतकी कडक अट नाही, कारण शाळा सुरक्षित ठेवणं त्याचं काम आहे. मात्र तो पोलिसाचा हस्तक म्हणून वागत नसला पाहिजे. त्या प्रकरणात उपमुख्याध्यापक झडती घेत होते आणि साध्या वेशातला पोलीस तिथेच बसलेला होता. न्यायालयाने उपमुख्याध्यापकांना पोलिसाचा हस्तक मानलं नाही. ठीक. पण समोर बसलेल्या पोराला हा कायद्यातला फरक दिसतो का? त्याला एका खोलीत दोन माणसं दिसतात आणि त्याचा खिसा उलटा होताना दिसतो. पोलीस रोजचाच झाला की शिक्षकाला सांगितलेली गोष्ट शिक्षकापाशी राहील का, ही शंकाही रोजची होते. फाल्कनर समितीने ज्या गप्पपणावर बोट ठेवलं होतं, त्यालाच आपण खतपाणी घालतो.

कॅमेऱ्याला दिसतं ते आणि मुलीने सांगितलेलं

पोलिसाऐवजी कॅमेरा लावू, तो तरी भेदभाव करत नाही, असं म्हणणारे भेटतात. ओंटारिओतल्या लंडन शहरातल्या एका हायस्कूलमध्ये कॅमेरे होतेच, चोवीस तास चालणारे. तिथल्याच एका शिक्षकाने पेनात दडवलेल्या कॅमेऱ्याने मुलींचं चोरून चित्रण केलं. भिंतीवरच्या कॅमेऱ्यांनी ते थांबवलं नाही. मुख्याध्यापकांनी त्याला प्रत्यक्ष पाहिलं, पेन जप्त केलं आणि प्रकरण पोलिसांकडे गेलं. पुढे खटल्यात मुद्दा असा निघाला की शाळेत कॅमेरे आहेत हे मुलींना माहीत होतं, मग खासगीपणाची अपेक्षा कसली? २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हे साफ फेटाळलं आणि शिक्षकाला दोषी ठरवलं. सुरक्षेसाठी लावलेला कॅमेरा स्वीकारला म्हणजे कुणीही, कशासाठीही बघावं याला संमती दिली असं होत नाही. कोण बघतंय, कशासाठी बघतंय, यावर सगळं अवलंबून आहे.

हे वाचताना मराठी वाचकाला बदलापूर आठवल्याशिवाय राहणार नाही. ऑगस्ट २०२४ मध्ये तिथल्या शाळेत दोन चिमुरड्या मुलींवर अत्याचार झाल्याचं उघड झालं. आरोपी शाळेतलाच कर्मचारी होता. गुन्हा नोंदवून घ्यायला पालकांना पोलीस ठाण्यात तासन्‌तास ताटकळावं लागलं. लोक रेल्वे रुळांवर उतरले, आणि दुसऱ्याच दिवशी, २१ ऑगस्टला, राज्य सरकारने शाळांना महिन्याभरात सीसीटीव्ही लावायचा आदेश काढला. कॅमेऱ्याला विरोध करायचं कारण नाही. पण बदलापूरचा संताप ‘कॅमेरा का नव्हता’ एवढ्यावर नव्हता. मुलींनी घरी सांगितलं होतं. आईबापांनी शाळेला आणि पोलिसांना सांगितलं होतं. अडलं ते त्यापुढे, ऐकणाऱ्यांपाशी. जेफ्रिज हायस्कूल आणि बदलापूर यांच्यात अर्धं जग आहे, देश वेगळे, वयं वेगळी. पण दोन्हीकडे उत्तर म्हणून बघणारे डोळे वाढवले गेले, आणि तुटलेलं होतं ते ऐकणं.

पुन्हा तेच वळण

हे सगळं जुनं उकरून काढण्याचं कारण असं की कॅनडात वारं फिरलंय. व्हँकुव्हरच्या शाळा मंडळाने २०२१ मध्ये पोलीस काढले. निवडणुकीत मंडळ बदललं आणि सप्टेंबर २०२३ मध्ये ते परत आले, गणवेश जरा साधा, पिस्तूल कमी नजरेत भरणारं. व्हिक्टोरियाच्या मंडळाने २०२३ मध्ये पोलीस काढले आणि पुढे सरकारशी तडजोड केली नाही. जानेवारी २०२५ मध्ये ब्रिटिश कोलंबियाच्या शिक्षणमंत्र्यांनी अख्खं निवडून आलेलं मंडळच बरखास्त केलं. ओंटारिओने २०२५ मध्ये कायदा केला की जिथे पोलीस दल असा कार्यक्रम देऊ करतं, तिथे शाळा मंडळाने तो घ्यायचा. म्हणजे टोरोंटोच्या विश्वस्तांनी १८ विरुद्ध ३ असा जो निर्णय घेतला, तसा घेण्याची सोयच आता उरलेली नाही.

या फिरण्यामागे खोटी भीती आहे असं मी म्हणणार नाही. पोलीस काढल्यानंतर टोरोंटोच्या शाळांमध्ये हिंसा संपली नाही. फेब्रुवारी २०२२ मध्ये एका हायस्कूलच्या आत १८ वर्षांच्या मुलाचा गोळीने जीव गेला. पोलीस काढताना ‘त्या जागी माणसं देऊ’ असं जे म्हटलं गेलं, त्याचा हिशोब मागायलाच हवा. काढून टाकणं हे निम्मंच काम होतं. उरलेलं निम्मं महाग, संथ आणि न दिसणारं होतं, म्हणून ते मागे पडत राहिलं, आणि त्या रिकाम्या जागेत पोलीस परत येतायत.

परत येणारच असतील तर निदान आम्हा संशोधकांनी मोजमाप तरी बदलावं. पुढच्या प्रश्नावलीत ‘सुरक्षित वाटतं का?’ हा प्रश्न राहू दे, पण त्याच्या आधी आणखी दोन प्रश्न हवेत, मुलांना आणि शिक्षकांना दोघांनाही. तुझ्यावर काही प्रसंग आला तर या इमारतीत तू कुणाला सांगशील, त्या माणसाचं नाव काय? आणि सांगितल्यावर पुढे काय होईल असं तुला वाटतं? उत्तरांची सरासरी काढू नये. नावाची जागा ज्यांनी कोरी सोडली असेल, ते कागद आधी वेगळे काढावेत आणि शाळेचं वाचन तिथून सुरू करावं.